बंद दाराआडचा हिशेब

१८८८ च्या जुलै महिन्यात मुंबईतला एक गाजलेला तंटा दोन हजार रुपयांवर मिटला. वादी दादाजी भिकाजी, प्रतिवादी रखमाबाई. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न रखमाबाईंना मान्य नव्हतं आणि नवऱ्याच्या घरी नांदायला त्या गेल्या नाहीत. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलात प्रकरण पुन्हा उभं राहिलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिनाभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला. वर्तमानपत्रांत रण माजलं, टिळक एका बाजूला आणि सुधारक दुसऱ्या बाजूला उभे ठाकले, विलायतेपर्यंत बोभाटा झाला. शेवट मात्र कोणत्याही न्यायाधीशाच्या निकालाने झाला नाही. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आपला दावा सोडला, आणि पुढच्याच वर्षी रखमाबाई डॉक्टर होण्यासाठी लंडनला निघाल्या.

चार वर्षांच्या कोर्टकचेरीने जे दिलं नाही, ते आपसातल्या समझोत्याने दिलं. एका बाईला तिचं आयुष्य परत मिळालं. पण पैसे कोणाच्या पदरचे गेले? जिला न विचारता बोहल्यावर उभं केलं, तिच्याच. अन्याय तिच्यावर झाला आणि त्यातून सुटण्याचा भुर्दंडही तिच्याच बाजूने भरला. याला न्याय म्हणायचं की नुसती सुटका?

नवरा-बायको वेगळे होताना पैशाचा वाद चव्हाट्यावर आणू नये, चार समजूतदार माणसांनी बसून मिटवावा, हा सल्ला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. आता न्यायालयंही तोच देतात. या सल्ल्यामागे वेगवेगळ्या धर्मांचं पाठबळ आहे, त्यामुळे हा प्रश्न वकिलांपुरता उरत नाही. खासगीत झालेला समझोता धर्माला धरून कधी असतो, आणि कधी तो दुबळ्याला गप्प बसवण्याचा मार्ग होतो, हे तपासून पाहायला हवं.

कुराणाच्या चौथ्या सूरेत पती-पत्नींत बेबनाव झाला तर नवऱ्याच्या घरातला एक आणि बायकोच्या घरातला एक असे दोन लवाद नेमावेत, अशी आज्ञा आहे. ही आज्ञा पोथीत पडून राहिलेली नाही. लातूरच्या दगडू पठाण आणि रहिमबी यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००२ मध्ये तिचाच आधार घेतला आणि समेटाचा प्रयत्न न करता नुसता ‘तलाक दिला’ असं म्हटल्याने तलाक सिद्ध होत नाही, असं ठरवलं. सेंट पॉलने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपापसातले तंटे बाहेरच्या न्यायालयात नेल्याबद्दल चांगलंच खडसावलं आहे. ज्यू परंपरेत लग्नाच्या वेळीच ‘केतुबा’ लिहिला जातो आणि लग्न मोडलं तर बायकोला काय द्यायचं, ते त्यात आधीच ठरलेलं असतं. पारशांच्या १९३६ च्या विवाह कायद्याने तर समाजालाच न्यायालयात आणून बसवलं: न्यायाधीशांच्या जोडीला समाजातले प्रतिनिधी असतात आणि घटनांचा कौल ते देतात.

मराठी मुलखात हे काम गोतसभेकडे होतं. अनेक जातींमध्ये पंचांसमोर काडीमोड होई, देज किंवा लग्नखर्च कोणी कोणाला परत करायचा ते तिथेच ठरे आणि बाई पाट लावायला मोकळी होई. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीने चालत आलेल्या अशा घटस्फोटांना धक्का लावला नाही. कलम २९ मध्ये त्यांची मुभा आजही कायम आहे.

इतक्या वेगळ्या परंपरा एकाच सल्ल्यावर का येतात? कारण संसार मोडला तरी नातं पूर्ण तुटत नाही. मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी, त्यांच्या आजारपणात आणि लग्नकार्यात ती दोघं पुन्हा समोरासमोर येणार असतात. कोर्टात जिंकायचं तर समोरच्याला वाईट ठरवावं लागतं. अर्जात लिहिलेलं प्रत्येक वाक्य कायमचं कागदावर राहतं आणि मुलं मोठी झाल्यावर ते वाचू शकतात. वर्षानुवर्षं तारखा पडतात, वकिलांची फी चढत जाते आणि ज्या रकमेसाठी भांडण चाललेलं असतं तीच त्यात झिजते. भांडण मिटवणं हे पुण्यकर्म मानलं गेलं, त्याच्या मुळाशी हा रोकडा अनुभव आहे.

गांधीजींना तो दक्षिण आफ्रिकेत आला. दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ हे व्यापारी एकमेकांचे नातलग. ज्या दाव्यासाठी तरुण बॅरिस्टर गांधी तिकडे गेले, तो या दोघांमधला होता. वकिलांच्या खर्चात दोघेही बुडतील हे ओळखून गांधीजींनी प्रकरण लवादाकडे नेलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला: सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च. ही रक्कम एकदम भरायची तर तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं. गांधीजी पुन्हा खटपटीला लागले, अशिलाचं मन वळवलं आणि पुष्कळ वर्षांचे हप्ते बांधून घेतले. आत्मकथेत त्यांनी लिहिलं आहे की लवादाला दोघांना राजी करण्यापेक्षा हे काम अवघड गेलं. फाटलेली मनं सांधणं हा वकिलाचा खरा धर्म आहे, हे त्यांना तिथेच उमगलं. हा तंटा व्यापारातला होता. तरी घटस्फोटाच्या प्रत्येक बैठकीला त्यातून शिकण्यासारखं आहे: जिंकणाऱ्याने रक्कम ठरवून थांबायचं नसतं, ती देताना समोरचा उभा राहील की कोसळेल याचाही विचार करायचा असतो.

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात हीच भावना उतरली. शक्य असेल तिथे आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे कलम ९ नुसार न्यायालयाचं कर्तव्य आहे. वकील उभा करण्याचा आपसूक हक्क पक्षकाराला नाही. त्यासाठी परवानगी लागते. पुढे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वैवाहिक वादांत मध्यस्थीचा मार्ग आधी चोखाळावा, असं खालच्या न्यायालयांना बजावलं.

मध्यस्थीच्या खोलीत प्रत्यक्षात काय घडतं? टेबलाच्या एका बाजूला ती आणि तिचे आई-वडील किंवा भाऊ, दुसऱ्या बाजूला तो आणि त्याची माणसं. मध्यस्थ आधी सगळ्यांशी एकत्र बोलतात, मग एका बाजूला बाहेर पाठवून दुसरीचं म्हणणं ऐकतात. पहिला कागद निघतो तो वस्तूंच्या यादीचा. पाटल्या, बांगड्या, गंठण, ठुशी, मुलीला बारशाला आलेली साखळी. मग कपाट, फ्रीज, भांडीकुंडी. यादीत ‘एक लाखाचे दागिने’ असं लिहायचं की ‘इतके तोळे सोनं’, यावरच खूप काही ठरतं. २००५ मध्ये दहा ग्रॅम सोनं साधारण सात हजार रुपयांना मिळत होतं. २०२४ मध्ये त्याने सत्तर हजारांचा टप्पा ओलांडला. वजनाऐवजी लग्नाच्या वेळची किंमत लिहिली गेली, तर वीस वर्षांनी तिच्या हातात मूळ सोन्याचा दहावा हिस्साच पडतो. कोणी खोटं बोललेलं नसतं, फक्त यादीचा एक रकाना चुकीचा भरला गेलेला असतो.

यादीनंतर फ्लॅट, त्याचे थकलेले हप्ते, भविष्य निर्वाह निधी, शाळेची फी. मग येतो आकडा, ‘एकरकमी’ म्हणतात तो. परस्परसंमतीच्या घटस्फोटात पहिला अर्ज आणि शेवटचा जबाब यांच्यामध्ये कायद्याने सहा महिने ठेवले आहेत. योग्य प्रकरणात ते माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. रक्कमही सहसा याच पायऱ्यांनी दिली जाते: काही अर्जाच्या वेळी, उरलेली शेवटच्या जबाबाला, डिमांड ड्राफ्टने. अर्धे पैसे देऊन तो वाट पाहत असतो की ती सही करील ना. केसेस मागे घेऊन ती वाट पाहत असते की उरलेला ड्राफ्ट येईल ना. मसुद्याच्या शेवटी जवळपास ठरलेलं एक कलम असतं, की यापुढे दोघांचा एकमेकांवर कसलाही हक्क उरलेला नाही.

याच कलमावर सर्वोच्च न्यायालयाचा एक मोठा निकाल उभा आहे. बाई ताहिरा ही मुंबईची बाई. १९५६ मध्ये लग्न, १९६२ मध्ये तलाक. राहत्या फ्लॅटवरून दावा झाला आणि तो आपसात मिटला. हुकूमनाम्यात लिहिलं गेलं की पाच हजार रुपये मेहर आणि १८० रुपये इद्दतचे, म्हणजे तलाकनंतरच्या ठरावीक मुदतीचे, पैसे मिळाले, आता तिचा कसलाही दावा नाही. वर्षं गेली, गुजारा होईना, तिने पोटगी मागितली. सगळं तर मिटलं होतं, असा नवऱ्याचा बचाव होता आणि उच्च न्यायालयातही तिला दाद मिळाली नाही. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तो बचाव मोडून काढला. घटस्फोटाच्या वेळी दिलेली रक्कम तिच्या उदरनिर्वाहाची खरी भरपाई करत असेल तरच पोटगीचा प्रश्न संपतो. नाममात्र रकमेने संपत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय आहे. निराधार व्यक्तीला जगवणं ही समाजाची गरज आहे आणि दोघांनी आपसात केलेल्या कराराने समाजाची गरज रद्द होत नाही, हे तत्त्व त्यामागे होतं.

हाच आक्षेप अमेरिकेतले कायदेपंडित ओवेन फिस यांनी १९८४ मध्ये तडजोडीविरुद्ध लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात मांडला. ज्याला पैशाची घाई असते तो कमी रकमेला तयार होतो, ज्याच्याकडे माहिती कमी असते त्याला आपला हक्क किती ते कळत नाही, आणि ज्याला खटल्याचा खर्च झेपत नाही तो मिळेल ते घेतो. समान बळाच्या दोघांत झालेला समझोता आणि असमान बळाच्या दोघांत झालेला समझोता कागदावर अगदी सारखे दिसतात. त्याआधी १९७९ मध्ये रॉबर्ट मनूकिन आणि लुईस कॉर्नहाउजर यांनी घटस्फोटाच्या वाटाघाटी कायद्याच्या सावलीत चालतात, असं दाखवून दिलं होतं. कोर्टात गेलो तर काय मिळेल, याचा अंदाज डोक्यात ठेवूनच माणूस टेबलावर बोलतो. कायदा जिला थोडं देतो, तिला टेबलावरही थोडंच मागता येतं.

ही सावली पूर्वीही होती. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात काही विवाहप्रकारांपुरता दोघांच्या परस्पर द्वेषावरून मोक्ष, म्हणजे लग्नातून सुटका, मान्य केली आहे. नवऱ्याला सुटका हवी असेल तर त्याने बायकोकडून घेतलेलं परत करायचं. तिला हवी असेल तर तिला ते परत मिळत नाही. इस्लाममधल्या खुलाची, म्हणजे बायकोने मागितलेल्या सुटकेची, रीतही बरीचशी अशीच आहे. साबित इब्न कैस यांच्या पत्नीने पैगंबरांना सांगितलं की नवऱ्याच्या वागण्यात खोट नाही, पण त्याच्याबरोबर राहवत नाही. मेहर म्हणून मिळालेली बाग परत करशील का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली आणि सुटली. काही कथनांनुसार ती बागेहून जास्त द्यायला तयार होती, पण बागेपलीकडे काही घ्यायला पैगंबरांनी मनाई केली. सुटका मागणाऱ्याने मोबदला द्यावा, पण त्यालाही मर्यादा असावी, हा विचार इथे स्पष्ट दिसतो. रखमाबाईंच्या दोन हजारांवर अशी मर्यादा कोणी घातली नव्हती.

जुन्या धर्मग्रंथांत दुबळ्या बाजूचं रक्षण करणारी तरतूदही आहे. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा संकटात नवऱ्याने स्त्रीधन वापरलं तर परत करण्याचं बंधन नाही. म्हणजे एरवी आहे. दुसरं लग्न करणाऱ्याने पहिलीला भरपाई द्यावी, हेही तिथे आहे. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली आणि स्त्रीधनाची व्याप्ती वाढवली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन ही पत्नीचीच मालमत्ता असल्याचं आणि नवरा ती विश्वस्त म्हणून सांभाळत असल्याचं म्हटलं, तेव्हा तो विचार या मातीत नवा नव्हता.

सर्वांत मोलाचं वचन नारद स्मृतीत आहे. दिलेलं दान केव्हा दिलेलं मानू नये, याचे सोळा प्रकार तिथे सांगितले आहेत. भयाने, रागाच्या भरात किंवा शोकात दिलेलं दान हे न दिल्यासारखंच. घटस्फोटाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाची अवस्था याहून वेगळी काय असते? मुलांचा ताबा जाईल ही भीती, फसवणूक झाल्याचा संताप, संसार मोडल्याचा शोक. कुराणही म्हणतं की बायकोने आपल्या खुशीने मेहरमधला काही भाग सोडला तरच नवऱ्याने तो घ्यावा. हक्क सोडण्याला या परंपरांनी उदारतेचा मान दिला, पण सोडणाऱ्याचं मन शांत आणि मोकळं असावं, ही अट घालून.

त्याच्या आधीची एक अट आहे ज्ञानाची. आपला हक्क काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच तो सोडू शकतो. नवऱ्याच्या नावावर किती ठेवी आहेत, कंपनीत किती शेअर आहेत, गावची जमीन विकून आलेले पैसे कुठे गेले, यातलं काहीच माहीत नसलेली बाई ‘मला काही नको, फक्त मोकळी करा’ म्हणते, तेव्हा तिच्या हातून त्याग घडत नाही. तिचं काय जातंय हेच तिला कळलेलं नसतं.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०१५ मध्ये नेमका हा प्रश्न आला. शार्लंड दांपत्याचा घटस्फोट समझोत्याने मिटत आला होता. नवऱ्याच्या कंपनीचे शेअर बाजारात आणायची तूर्त योजना नाही, असं सांगितलं गेलं आणि त्यावर विसंबून पत्नी राजी झाली. प्रत्यक्षात तयारी चालू होती आणि ती बातमी वर्तमानपत्रांतून फुटली. लबाडीने मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, म्हणून तो समझोता पुन्हा उघडला गेला.

भारतात या बाबतीतलं सर्वांत महत्त्वाचं पाऊल नागपूरच्या एका खटल्यातून पडलं. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने दिलेल्या अंतरिम पोटगीवरून सुरू झालेला रजनेश विरुद्ध नेहा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिला: पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. पगार, इतर उत्पन्न, घर, गाडी, गुंतवणूक, कर्ज, महिन्याचा खर्च, सगळं. खोटं लिहिलं तर कारवाई. पोटगीही अर्ज केल्याच्या तारखेपासून. हा नियम न्यायालयातल्या पोटगीच्या प्रकरणांना लागू आहे. नातेवाइकांच्या बैठकीत, समाजाच्या कार्यालयात किंवा वकिलाच्या चेंबरमध्ये बसून ठरवलेल्या आकड्याआधी असं शपथपत्र क्वचितच कोणी मागतं.

गुप्ततेचा प्रश्न इथे नीट सोडवता येतो. घरातलं घरात ठेवावं, या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. दांपत्याचं दुःख, अंथरुणातल्या तक्रारी, मुलांसमोर झालेली भांडणं हे जगापासून झाकून ठेवण्यात माणुसकी आहे. हिशेब एकमेकांपासून झाकण्यात मात्र कसलीही माणुसकी नाही. खोलीचं दार जगाला बंद असावं, पण आत बसलेल्या दोघांपुढे प्रत्येक पासबुक उघडं असावं.

पुरुषांच्या बाजूचं म्हणणंही याच कसोटीवर तपासायला हवं. फौजदारी तक्रारीचा धाक घालून रक्कम वाढवली, म्हाताऱ्या आई-वडिलांना आरोपी केलं, अशा तक्रारी नवरेही करतात आणि न्यायालयांनी अशा गैरवापराची दखल घेतलेली आहे. भीतीपोटी दिलेला ड्राफ्ट त्याने दिला म्हणून शुद्ध होत नाही; नारदाचा नियम स्त्री-पुरुष पाहत नाही. आणि छळाची खरी तक्रार पैशांच्या बदल्यात मिटवायला लावणं, हेही तितकंच मोठं पाप आहे.

मध्यस्थ कोण असावा, हाही धर्माचाच प्रश्न आहे. कुराणाने दोन घरांतून दोन लवाद सांगितले, कारण एकाच बाजूचा माणूस न्याय करू शकत नाही. जातपंचायतींत हा तोल गेला. पंच सगळे पुरुष, दंडाची रक्कम पंचांच्या हाती, आणि ऐकलं नाही तर अख्ख्या कुटुंबाला वाळीत टाकायचं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याविरुद्ध मोहीम चालवली आणि सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा २०१६ चा कायदा महाराष्ट्राने केला. ज्या बैठकीतून उठून कोर्टात जाण्याची मोकळीक नाही, तिथे झालेल्या समझोत्याला समझोता म्हणता येत नाही. संसदेने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या मध्यस्थी कायद्याबद्दल म्हणूनच एक काळजी वाटते. समझोत्याला आव्हान देण्याची कारणं त्यात मोजकीच आहेत: फसवणूक, भ्रष्टाचार, तोतयेगिरी आणि मध्यस्थीला अयोग्य विषय. धाकदपटशा किंवा गैरवाजवी दबाव हे कारण त्या यादीत वेगळं दिलेलं नाही.

आणि कायद्याची सावली अजून आखूडच आहे. भारतात लग्नानंतर उभ्या राहिलेल्या संपत्तीत जोडीदाराचा आपोआप अर्धा वाटा मुख्यतः गोव्यात असतो. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून तो आला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची सामाईक होते, बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर-जमीन विकता येत नाही आणि वेगळं होताना निम्मी वाटणी होते. सावंतवाडीहून पत्रादेवीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो. नाक्याच्या अलीकडे घर ज्याच्या नावावर त्याचं; तिला पोटगी मागता येते, राहण्याचा हक्क मागता येतो, मालकी मागता येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनमोबदल्याचं घरकाम करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. त्या वेळेच्या जोरावर दुसऱ्याने नोकरी केली, बढती घेतली, हप्ते फेडले. वाटाघाटीच्या टेबलावर मात्र त्या श्रमांचा पुरावा म्हणून दाखवायला तिच्याजवळ एक पावतीही नसते.

विवाह कायद्यांतलं एक दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं होतं. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या घरात आणि मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद त्यात होती. लोकसभेत ते पार पडलं नाही आणि ती लोकसभा संपताच बारगळलं. तो विषय पुन्हा संसदेत यायला हवा. तोपर्यंत वकील, मध्यस्थ, मौलवी, पाद्री आणि घरातली वडीलधारी माणसं यांच्या हातात बरंच काही आहे. बैठकीला बसण्याआधी दोघांकडूनही नागपूरच्या खटल्यातलं ते शपथपत्र भरून घ्यावं. दागिने वजनात लिहावेत. दोघांना आपापला सल्लागार असू द्यावा, आणि मुलांचा खर्च आई-बापांच्या सौद्यात न घालता वेगळा काढावा. मसुदा सहीआधी काही दिवस घरी नेऊन वाचायला द्यावा, आणि सहीच्या दिवशी दोघांनाही, एकेकट्याला बाजूला घेऊन, हे खरंच मान्य आहे का ते विचारावं.